सोवळ्याचा तास

पंचवटी, नाशिक
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय भाग्यश्री,

तू ऑफिसला येत नाहीस, फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतेस, आणि ऑफिसच्या मेलवर जो दोन ओळींचा राजीनामा पाठवलास त्यात 'वैयक्तिक कारण' एवढंच लिहिलंयस. म्हणून हे पत्र. कागदावर, पेनाने. माझं अक्षर डॉक्टरांच्या वळणावर गेलंय, तेवढं गोड मानून घे.

पत्र आलं कसं याचं नवल करू नकोस. माझे बाबा रोज पहाटे पूजेची फुलं तुझ्या आईकडूनच घेतात, हे तुला माझ्याआधीपासून माहीत आहे. म्हटलं, बाबा, एवढं रंगूबाईंना द्या, मखमलाबादला लेकीपर्यंत पोचेल. बाबा म्हणाले, "तुमच्याकडे खोलीभर कॉम्प्युटर, आणि टपाल शामसुंदर गुरुजींकडे?" पण घेतलं.

खरं सांगते, आधी मी गोटीरामलाच सांगितलं होतं पत्र लिहायला. (स्वराजच्या आजोळी या नावाचा गडी होता, तो म्हणे कशालाच नाही म्हणत नसे. म्हणून त्याने आपल्या एआयला हे नाव दिलं आणि ते सगळ्या टीमच्या तोंडी बसलं. मी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. आता शौनक सरांसमोरसुद्धा माझ्या तोंडून गोटीरामच निघतं.) तर गोटीरामने लिहून दिलं, 'तुमच्या भावनांचा मी मनःपूर्वक आदर करते. आपला एकत्र प्रवास माझ्यासाठी मोलाचा आहे.' प्रवास! सातपूरच्या रिक्षातून केलेला तेवढाच आपला प्रवास. बंद केलं आणि पेन शोधायला लागले. घरात चालू पेन सापडणं हेही एक कामच होतं.

मुद्द्यावर येते. तुझी नोटीस तीस तारखेला संपते. शौनक सरांनी काल मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "जाऊ दे ना मॅडम तिला. ती जागा आपण भरायचीच नाही आता. तिचं काम गोटीराम करेल."

कंपनी त्यांची आहे, बोलायला त्यांचं काय जातं! पण ती जागा मी मिळवलेली आहे. बाळंतपणानंतर नोकरी सुटलेल्या बाईला पुन्हा कामावर घ्यायचं, शिकायला वेळ द्यायचा, संध्याकाळी वेळेवर सोडायचं, हे त्यांच्या गळी उतरवताना माझ्या तोंडाला फेस आला होता. त्या जागेवर आलेली तू पहिली. तू गेलीस की जागा जाईल. मग दुसरी कुणी मुलगी चार वर्षं घरी बसून परत दार ठोठावायला आली, तर तिला मी काय सांगू? याचा विचार तू करायला हवा होतास असं मला वाटतं, आणि वाटतं ते मी लिहिते.

आणि हे सगळं कशावरून? मंगळवारच्या त्या गमतीवरून. असं मनाला लावून घेतलं तर या धंद्यात कसा निभाव लागायचा? मी या क्षेत्रात आले तेव्हा मीटिंगमध्ये मला चहा सांगायचे लोक. मी चहा आणून दिला आणि मग त्यांच्या चुका काढल्या.

शिवाय त्या दिवशी तूही हसली होतीस. मी पाहिलं.

समर्थ बरा आहे ना? खोकला गेला का त्याचा? संतोषरावांना नमस्कार सांग.

उत्तराची वाट पाहते.

अपूर्वा

१३ नोव्हेंबर

प्रिय भाग्यश्री,

उत्तर नाही. बाबांना विचारलं, पत्र दिलंत ना नक्की? म्हणाले, "दिलं म्हणजे पायरीवर ठेवलं, रंगूबाईने उचललं." तेव्हा पोचलं असणार. तू वाचून ठेवून दिलंस, की न वाचताच झेंडूच्या ढिगात टाकलंस, तुझं तुला ठाऊक.

ठीक आहे. मग माझी बाजू तरी पुरती ऐक.

सातपूरच्या कारखान्याच्या बसचं प्रकरण आठवतंय ना? दुसऱ्या पाळीतून सुटणाऱ्या बायकांना घरी सोडणाऱ्या बसचा मार्ग आपला प्रोग्राम ठरवतो. स्वराजने तो गोटीरामकडून नव्याने लिहून घेतला. स्वराजने नीट वाचला नाही, मी वरवर वाचून 'ठीक' म्हटलं. गोटीरामने इमानेइतबारे डिझेल वाचवलं. बस वस्तीत शिरायची बंद झाली आणि बायकांना हमरस्त्याच्या कोपऱ्यावर उतरवून पुढे जायला लागली. आठवडाभर त्या अंधारात चालत घरी गेल्या. तिथल्या सुपरवायझर छायाताईंचा फोन आला. "मॅडम, तुम्ही बाई ना? मग हे तुमच्या हातून कसं सुटलं?" मार्ग त्याच दिवशी दुरुस्त केला, पण त्यांचा तो आवाज काही डोक्यातून जाईना.

म्हणून मी नियम केला. सकाळचा पहिला तास एआय बंद. आपलं डोकं, आपले हात. जे लिहायचं ते स्वतः समजून. मला नाही वाटत यात माझं काही चुकलं. आजकाल पोरं प्रश्न पुरता वाचायच्या आत गोटीरामकडे धावतात आणि त्याने दिलेलं प्रसादासारखं डोळे मिटून घेतात.

नावही मीच दिलं, 'सोवळ्याचा तास'. आमच्या घरी बाबा मुकटा नेसून पूजेला बसले की कुणी त्यांच्या जवळून जायचं नाही, तसं त्या तासात गोटीरामला कुणी शिवायचं नाही. स्वराजने लगेच दारावर पाटी लावली. खेळ त्यांनीच वाढवला. नियम मोडला की सगळ्यांनी 'शिवलं, शिवलं' ओरडायचं, मोडणाऱ्याने दारापाशच्या खुर्चीवर जाऊन बसायचं, चहा येईपर्यंत त्याच्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही, आणि चहा त्याच्याकडून. स्वराज स्वतः किती वेळा त्या खुर्चीवर बसलाय! तिथे बसून पाय हलवत गाणी म्हणतो.

धम्मपालने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, "मॅडम, नाव बदलता आलं तर बघा." मी म्हटलं, अरे गंमत आहे. तो मान हलवून कामाला लागला. तो तसाही कमी बोलतो.

मंगळवारी तू टेबलाखाली फोन धरून गोटीरामला काहीतरी विचारत होतीस. स्वराजने पाहिलं, ओरडला. सगळे हसले. तू खुर्चीवर जाऊन बसलीस. मी केबिनमधून बाहेर आले आणि एक वाक्य बोलले. ते मी कुणालाही बोलले असते.

तू चहा येईपर्यंत बसलीस. सगळ्यांच्या चहाचे पैसे दिलेस. संध्याकाळी राजीनामा.

आता ती खुर्ची दारापाशी तशीच आहे. कुणी तिथे बसत नाही आणि कुणी ती हलवतही नाही. काल हाउसकीपिंगच्या विमलाबाईंनी विचारलं, "मॅडम, ही खुर्ची आत घेऊ का?" मी म्हटलं, राहू दे. का म्हटलं ते मला सांगता येणार नाही.

सरांशी पुन्हा बोलले. ते म्हणतात, अठ्ठावीसला कागद तयार होतील, त्याच्या आत तिने स्वतः राजीनामा मागे घेतला तर बघू. म्हणजे दार अजून उघडं आहे. फक्त तू आत यायला हवंस.

अपूर्वा

१८ नोव्हेंबर

भाग्यश्री,

आज पहाटे मी स्वतः खाली गेले. दोन पत्रांना उत्तर नाही म्हटल्यावर रंगूबाईंनाच विचारावं असं ठरवलं होतं.

इतकी वर्षं मी या घरात राहते, पण त्या वेळी मी एकतर झोपलेली असते नाहीतर डबा भरत असते. गल्लीत सिंहस्थासाठी खोदून ठेवलंय, तुझी आई त्या मातीच्या ढिगावरून टोपली सांभाळत आली. बाबा मुकटा नेसून दारात उभे होते. तिने पानात बांधलेली फुलं खालच्या पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. बाबांनी तांब्यातलं पाणी वरून शिंपडलं, मग पुडी उचलली. पैसे त्यांनी त्याच पायरीवर ठेवले. ते तिने उचलले. दोघंही एकमेकांशी छान बोलत होते. पाऊस कसा लांबला, झेंडू कसा काळा पडला. बाबांनी समर्थची चौकशीसुद्धा केली. पण मधे पायरी होती.

आणि माझं पत्रही तुझ्यापर्यंत तसंच गेलंय. पायरीवर ठेवून. वरून पाणी नाही शिंपडलं, एवढंच.

मी रंगूबाईंना काही विचारलंच नाही. नुसती वर आले.

लहानपणी तू आईबरोबर यायचीस ना? मला फ्रॉकमधली, टोपलीएवढी एक मुलगी पुसटशी आठवते. नोकरीच्या मुलाखतीत तू म्हणालीस, "मॅडम, मी तुमचं घर ओळखते," तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. घर म्हणजे तुला काय आठवत होतं, ते विचारायचं सुचलं नाही.

ऑफिसात गेले तर धम्मपाल एकटाच आला होता. त्याला म्हटलं, तू नाव बदलायला सांगितलंस तेव्हा मला नीट समजावून का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "मॅडम, दरवेळी आम्हीच समजावायचं का?" मग स्क्रीनकडे वळला आणि म्हणाला, "आणि एक विचारू? त्या तासात तुमच्या केबिनचं दार बंद का असतं?"

आता तुला सांगायला हवं. त्या तासात मी केबिनमध्ये बसून गोटीरामशीच बोलत असते, भाग्यश्री. सरांचे अहवाल असतात, गिऱ्हाइकांची उत्तरं असतात, आणि कधीकधी स्वराज काय बोलून गेला तेही मी त्यालाच विचारते. ही नवी पोरं जे शब्द वापरतात त्यातले निम्मे मला कळत नाहीत. अठरा वर्षं काम केलेल्या बाईने ते कुणाला विचारायचं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. धम्मपालला काचेतून सगळं दिसत होतं.

मागच्या पत्रात मी म्हटलं की मी एक वाक्य बोलले, आणि ते काय होतं ते लिहायचं टाळलं. ते हे. "बस बाई. कामाची सवय सुटली की असं होतं." हे मी कुणालाही बोलले असते असं लिहिलं होतं. ते खोटं आहे. स्वराजला मी हे कधीच बोलले नसते. त्याची सवय कशाला सुटेल? त्याला मूल झालं तेव्हा त्याने आठवड्याची रजा घेतली आणि पेढे वाटले.

मला लाज वाटते. माफ कर असं लिहिणार होते, पण तुझ्या आईच्या टोपलीजवळ ठेवलेल्या कागदावर तो शब्द फार स्वस्त वाटतोय.

पाटी मी काढली. तास बंद केलेला नाही, कारण त्याच्या जागी काय ठेवायचं ते मला कळत नाही. बसमधल्या बायका पुन्हा कोपऱ्यावर उतरायला नकोत, एवढंच कळतं.

अपूर्वा

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रिय भाग्यश्री,

हे पत्र छोटं आहे. परत ये असं यात लिहिणार नाही. ते ओझं मी पहिल्या पत्रात तुझ्या डोक्यावर ठेवलं होतं, की तू गेलीस तर जागा जाईल. जागा वाचवणं माझं काम, तुझं नाही. सरांना मी सांगून टाकलंय की तू ये अगर न ये, ती जागा राहील, नाहीतर माझीही मोकळी धरा. ते हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. तू दुसरीकडे अर्ज करणार असशील तर शिफारस मी लिहीन, आणि गोटीरामकडून लिहून घेणार नाही.

आता घरचं ऐक. मी बाबांशी भांडले. त्या पायरीवरून. बाबा म्हणाले, "अगं, मी तिला कधी वाकडा शब्द बोललोय का?" नाही बोललात. "दिवाळीला साडी देतो." देता. "मग?" मी म्हटलं, मग साडी कुठे ठेवता? ते जेवायचे थांबले. आई हयात असती तर मला पानावरून उठवलं असतं.

शुक्रवारी पहाटे मी जिन्यात उभी होते. तुझी आई आली, वाकली. बाबांनी हात पुढे केला. मुकटा नेसलेले, ओले, थंडीने कुडकुडणारे, आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे.

रंगूबाईंनी त्या ओंजळीकडे बघितलं, पुडी नेहमीसारखी पायरीवर ठेवली, "घाई हाय बाबा, मार्गशीर्ष लागला," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बाबा तसेच उभे होते. मग मला म्हणाले, "बघ, तिलाच नको आहे." त्यांना सुटल्यासारखं झालं होतं, ते मला दिसलं. पण शनिवारी त्यांनी परत हात पुढे केला. आजही. तुझी आई रोज पायरीवरच ठेवते.

अपूर्वा

मखमलाबाद
गुरुवार, २७ नोव्हेंबर

मॅडम,

नमस्कार. तुमची चारही पत्रं मिळाली. पहिलं वाचलं आणि फाडलं. बाकीची ठेवली आहेत.

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, त्यामुळे काल दिवसभर फुलंच फुलं. बोटं अजून पिवळी आहेत, कागदाला डाग पडले तर समजून घ्या.

तुम्हाला विचारायचं सुचलं नाही, तुमचं घर म्हणजे मला काय आठवतं. सांगते. मी तेव्हा दुसरीत असेन. आईच्या हातात टोपली होती म्हणून पुडी माझ्याकडे होती. गुरुजी दारात उभे होते. मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला खाली वाकायला लावायचं कशाला. मी पुढे होऊन त्यांच्या हातात फुलं दिली. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. गुरुजी रागावले नाहीत. "लेकरू आहे," एवढंच म्हणाले, आणि आत जाऊन परत आंघोळ केली. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि आम्ही बाहेर थांबलो होतो. आई म्हणत होती, "तुझ्यामुळं म्हाताऱ्याला थंडीत दोनदा आंघोळ." तेव्हा ते म्हातारे नव्हते. मला मात्र त्यांचंच वाईट वाटलं होतं. माझ्या हाताला काय लागलंय ते मी वाटभर बघत होते.

ऑफिसात सगळे 'शिवलं' म्हणून ओरडले तेव्हा मला तो पाण्याचा आवाज आला. मी हसले, कारण अशा वेळी हसायचं असतं हे मला दुसरीपासून माहीत आहे.

त्या दिवशी मी फोनवर काय विचारत होते ते कुणीच विचारलं नाही. तुमच्या चार पत्रांतही नाही. स्वराजने माझ्या कामावर एक शेरा लिहिला होता, त्याचा अर्थ विचारत होते. त्याला विचारता आलं असतं, तो दोन हातांवर बसतो. पण ऑगस्टमध्ये मी मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारला तेव्हा तो म्हणाला होता, "हे तर बेसिक आहे," आणि तुम्ही पुढच्या मुद्द्यावर गेलात. तेव्हापासून मी सगळं गोटीरामला विचारते. समर्थ झोपला की विचारते, मराठीत विचारते, तेच तेच तीनदा विचारते. तो हसत नाही. चार वर्षांत जे राहिलं होतं ते मी त्याच्याकडून शिकले. तो नसता तर मी दोन महिन्यांतच गेले असते. म्हणून तुमचा तास मला जड जायचा. तुम्ही पोरांचा टेकू काढलात आणि माझा मास्तर काढलात, आणि दोघांना एकच नाव दिलंत.

पण गोटीरामची बाजू घ्यायला हे लिहीत नाही. आता जे लिहिते ते मी संतोषलाही सांगितलेलं नाही.

बसचा नवा मार्ग मी आधीच पाहिला होता. संतोष पाळीच्या बसने येतो, त्यामुळे कोपरा म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी गोटीरामला विचारलं, 'बस वस्तीत गेली नाही तर बायका कोपऱ्यावरून घरी कशा जातील?' तो म्हणाला, 'फार चांगला प्रश्न आहे,' आणि मार्ग कसा बदलायचा तेही लिहून दिलं. मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. मी फोन बाजूला ठेवला आणि झोपले. खोलीत कुणालाच सांगितलं नाही, कारण परत कुणी 'बेसिक' म्हटलं असतं तर? छायाताईंच्या बायका आठवडाभर अंधारातून चालल्या, आणि तो प्रश्न माझ्या फोनमध्ये पडून होता.

यात दोष तुमचा किती आणि माझा किती ते मला ठरवायचं नाही. पण तुम्ही म्हणता, तासाच्या जागी काय ठेवायचं ते कळत नाही. मला एक सुचतं. गोटीरामला विचारायचा प्रश्न आधी खोलीत मोठ्याने विचारायचा. मग खुशाल त्यालाही विचारा. आणि त्याने काही लिहून दिलं तर ते शेजारच्याला समजावून सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर ते घ्यायचं नाही. दिवसभर, सगळ्यांनी, केबिनमधल्यांनीसुद्धा. हसेल त्याचा चहा.

मी सोमवारी येते. राजीनामा मागे घेतल्याचं मेल आज दुपारीच सरांना पाठवलंय. तुमच्यासाठी येत नाही, आणि माझ्यामागून येणाऱ्या मुलींसाठीही नाही, ते ओझं तुम्ही उचललंत हे बरं केलंत. मला हे काम येतं आणि आवडतं, म्हणून येते. शिफारसपत्र मात्र लिहून ठेवा, लागलं तर असू द्या.

एक अट आहे. दारापाशची खुर्ची हलवू नका. सोमवारी सकाळी तिच्यावर तुम्ही बसा, आणि स्वराजच्या तोंडचे जे शब्द तुम्हाला कळत नाहीत त्यातला एक त्याला सगळ्यांदेखत विचारा. मी शेजारी उभी राहीन. दुसरा प्रश्न मी विचारीन.

आई हे पत्र उद्या पहाटे घेऊन येईल. ती रोज घरी येऊन सांगते, "बाबांना काय झालंय गं? हात पुढं करून उभे राहत्यात. मला लय कसंतरी होतं. तीस वर्षं तिथं ठेवते मी, आता हात कसा उठंल?" मी म्हटलं, आई, देऊन तर बघ. ती म्हणाली, "देईन. पण म्हातारा परत आंघोळीला गेला तर?"

मी म्हटलं, तर मग कळेल.

पत्र पुडीत बांधून देतेय. पायरीवर ठेवलेलं मिळालं तर तुम्ही उचला. हातात मिळालं तर गुरुजी पुढे काय करतात तेवढं बघा, आणि सोमवारी मला खरं सांगा.

भाग्यश्री